जुन्या राउटरांचे वकील: प्रभाकरराव

इथे अमेरिकेत आपल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळातली माणसं हुशार आहेत, पण विसराळू. आज सोफ्यावर लोळत वायरीशिवाय इंटरनेट वापरता आणि ते आईच्या पोटातूनच घेऊन आलात असं वाटतं तुम्हाला. ज्यांनी तुमच्या घरातली ती लुकलुकणारी पेटी जगवली, त्या प्रभाकररावांना साठावं वर्ष लागलं, हेसुद्धा मीच आठवण करून दिली तेव्हा गौरव समितीच्या लक्षात आलं. मला अक्षर येत नाही, म्हणून मला सगळं डोक्यात ठेवावं लागतं. तुम्ही लिहून ठेवता आणि कागद हरवता. असो. त्यांच्या गौरव समारंभासाठी मी सांगते आहे, नात अदिती लिहून घेते आहे.

पाच वर्षांपूर्वी मी मुलाकडे राहायला आले, त्याच आठवड्यात प्रभाकररावांची ओळख झाली. ते राउटर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, राहायला आमच्यापासून चार घरं पलीकडे. आमचा राउटर बसवायला ते स्वतः आले होते. दोन शिंगांची ती निळी पेटी पाहून मी विचारलं, "ही शिंगं कशाला हो?"

"काकू, त्यांतूनच सगळं येतं-जातं. रविवारी तुम्हाला बहीण दिसेल."

आणि खरंच दिसली. माझी धाकटी बहीण गोदू साताऱ्याला असते. तिलाही अक्षर येत नाही, मलाही नाही. पत्र कोण कोणाला लिहिणार? दर रविवारी सकाळी कॉम्प्युटरच्या काचेत ती दिसायची, ही आमची पत्रं.

प्रभाकररावांनी हीच पेटी आपल्या मंडळातल्या चाळीसेक घरांत घ्यायला लावली. पण दोन-तीन वर्षांत तिचं कुलूप कच्चं निघालं. शेजारची पोरं त्यातून आत शिरून आमचंच इंटरनेट वापरू लागली. गोदूचं बोलणं अडकायचं. तिचं तोंड उघडं, ते पाच-पाच मिनिटं उघडंच. कंपनी म्हणाली, हे मॉडेल जुनं झालं, लोकांनी नवीन घ्यावं. प्रभाकरराव म्हणाले, "लोकांनी माझ्या शब्दावर घेतलंय. पेटी धडधाकट आहे, तिच्या आतला प्रोग्रॅम बदलला की नवं कुलूप बसतं. त्याला फर्मवेअर म्हणतात. ते मी देणार." लोक विकून मोकळे होतात, हे गृहस्थ विकलेल्या वस्तूचं माहेरपण करत बसले.

पहिला प्रयोग आमच्याकडेच झाला. एका शनिवारी त्यांनी पेटीत नवा प्रोग्रॅम घालायला सुरुवात केली, अदितीला बजावलं, "दिवे लुकलुकतायत तोवर कोणी हात लावायचा नाही," आणि ते चहाला आत गेले. मी होते देवापाशी. मला कोणी सांगितलं? आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचा खटका बंद करायची पद्धत. इथे अमेरिकेत प्लगपाशी खटकाच नसतो, म्हणून मी येता-जाता सगळ्यांचे प्लग उपटून ठेवत असे. बाहेर आले, पाहिलं तर कॉम्प्युटरपाशी कोणी नाही आणि पेटी उगाच लुकलुकते आहे. उपटला प्लग.

प्रभाकरराव कप घेऊन बाहेर आले. "काकू, काय केलंत?"

"वीज वाचवली."

ते मटकन खुर्चीत बसले. जुना प्रोग्रॅम पुसलेला, नवा अर्धाच उतरलेला. पेटी ठार. अदिती म्हणाली, "ओ माय गॉड, आजी!" मुलाच्या कपाळाला आठ्या. एकटे प्रभाकरराव हसायला लागले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. जी वस्तू प्लग काढल्यावर मरते, ती घरात ठेवायच्या लायकीची नाही."

पेटी दुरुस्तीला घरी नेताना त्यांनी आपल्या घरची पेटी आणून आम्हाला लावून दिली. उद्याचा रविवार चुकू नये म्हणून. त्यांच्या घरी आठवडाभर इंटरनेट नव्हतं, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं, त्यांच्याकडून नाही.

पुढे मात्र माझा प्लग त्यांच्याच गळ्याशी आला. त्यांनी ऑफिसात घडलं ते सरळ सांगून टाकलं, खोटं बोलायची विद्या त्यांना नाही. साहेबांना तेच हवं होतं. ते म्हणाले, "बघा, लोक मधेच प्लग काढतात, पेट्या मरतात, बोलणी आपण खातो. जुन्या मॉडेलचे अपडेट बंद." प्रभाकररावांनी एक महिना मागून घेतला. त्या महिन्यात त्यांनी पेटीच्या पोटात एक छोटा कोपरा राखून ठेवला, जो कधीच पुसला जात नाही. मधेच वीज गेली तरी तो कोपरा जागा होतो आणि नवा प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून मागून घेतो.

साहेब म्हणाले, "इंजिनियर लोक जपून प्लग काढतात. हे मी पुरावा मानत नाही."

प्रभाकरराव म्हणाले, "मग मनापासून उपटणारं माणूस घेऊन येतो."

आणि मला घेऊन गेले! नऊवारी, वर मुलाचा कोट, पायांत बूट. सोबत बोलणं समजवायला अदिती. टेबलावर दहा पेट्या मांडलेल्या, सगळ्या लुकलुकत होत्या.

"काकू, उपटा."

"कुठला?"

"मनाला येईल तो. मनाला येईल तेव्हा."

उभ्या जन्मात मला असं कोणी सांगितलं नव्हतं. मी भाजी निवडावी तसे दहाच्या दहा उपटले. प्रभाकररावांनी ते एकेक परत लावले. आधी काहीच नाही. त्यांच्या कपाळावर घाम. मग एका पेटीचा एक दिवा मिणमिणला, मग दुसरीचा, आणि बघता बघता दहाही पेट्यांनी डोळे उघडले. साहेबांनी उठून स्वतः दोन प्लग खेचले. परत लावल्यावर त्याही पेट्या उठल्या. खोलीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. साहेब काहीतरी बोलले.

"आजी, ते म्हणतायत, यू विन. प्रभाकरकाका इथे आहेत तोवर जुन्या मॉडेलचे अपडेट चालू राहणार."

त्यानंतर प्रभाकरराव शनिवारी घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पेट्यांना नवं कुलूप बसवत होते. आपल्याच गावात नव्हे, कधी न पाहिलेल्या हजारो घरांतल्या त्या पेट्या आजही त्यांच्याच हातचं खाऊन जगताहेत. आमच्या पेटीला नवं कुलूप बसलं, त्या रविवारी गोदूचं तोंड न अडकता हललं. पहिलं वाक्य काय, तर "अगं, तू किती म्हातारी झालीस!" अडकलेल्या चित्रात मी बरी दिसत होते बहुतेक. तरीही, प्रभाकरराव, तुमचे उपकार आहेत.

आता मंडळींनो, साहेबांचा शब्द नीट ऐकलात ना? ते आहेत तोवर. म्हणजे त्यांची तब्येत ही त्यांच्या एकट्याची बाब उरली नाही. त्यांना शंभर वर्षं निरोगी, ताठ कण्याचं आणि असंच हट्टी आयुष्य लाभो, हा माझा थोरलेपणाचा आशीर्वाद. डॉक्टरांनी त्यांना साखर बंद केली आहे, हे बहुधा तुम्ही विसरला असाल. तेव्हा समारंभात त्यांच्या पानात बासुंदी वाढायची नाही. त्यांच्या वाट्याची माझ्याकडे पाठवा, वाटीभर नको, डबाभर, आणि चारोळ्या नीट भिजवून घाला, मला दात नाहीत.