बंद राहिलेल्या चार ओळी

स्फाक्स शहराजवळच्या आमच्या तेलघाण्यात वजनाचा आणि पावत्यांचा प्रोग्राम बेया ट्रीकीने लिहिला, त्याला अकरा वर्षं झाली. गणिताच्या मास्तरांची ही मुलगी. बोलणं मोजकं, चालणं भरभर, आणि आपली चूक आपणच सांगून टाकायची सवय. मी तेव्हापासून वजनकाट्यावर बसतो, त्यामुळे तिचं काम जवळून पाहिलं आहे.

यंदा जैतुनाचा, म्हणजे ऑलिव्हचा, हंगाम भरात आला आणि प्रोग्राम अडखळू लागला. गाडी काट्यावर चढली की पावती निघायला चार मिनिटं. एके दिवशी दुपारी रांग पार मशिदीच्या वळणापर्यंत गेली. जैतून गोणीत दाबून राहिले की तापतात आणि तेल आंबतं. रांगेतल्या बशीरकाकांच्या अठ्ठावीस गोण्या आदल्या सकाळी तोडलेल्या होत्या. संध्याकाळच्या आत घाण्यात पडल्या नाहीत, तर त्यांचं वर्षाचं तेल दिव्यात जाळायच्या लायकीचं होणार होतं.

काका खिडकीतून आमच्याकडच्या मानाच्या हाकेने ओरडले, "लल्ला बेया, तुझं यंत्र माझ्या गाढवाहून म्हातारं झालं की काय?"

"गाढव कुठे अडलं ते बघू तर द्या, काका!"

मालक सी नजीब, म्हणजे नजीबसाहेब, यांनी शहरातून रिधा नावाच्या कारागिराला आणलं होतं. त्याने पावती छापण्याचा भाग बंद करून पाहिला. बाकीचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं.

"सापडला चोर! छपाईयंत्र बदला. नवं उद्या दुपारी येईल."

सी नजीबांनी फोन उचलला.

"थांबा, सी नजीब," बेया म्हणाली. "पावतीच छापायची नाही, तर तिच्यावरचं नाव कोण शोधणार? छपाईबरोबर नाव शोधणंही बंद पडलं. पाहुणेच बोलावले नाहीत तर स्वयंपाक लवकर आटोपतोच. त्यात चुलीचं काय कौतुक?"

"मग दोष कुणाचा, ते सांग ना," रिधा फणकारला.

तिने छपाई पुन्हा सुरू केली, नाव वगळलं आणि दहा कोऱ्या पावत्या काढल्या. दहाही भराभर बाहेर पडल्या. रिधाने खांदे उडवले.

बेयाने प्रोग्राम उघडला, दोन मिनिटं वाचला आणि म्हणाली, "मीच आहे चोर."

आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात. बशीरकाकांच्या वडिलांचं नाव मुख्तार, काकांच्या मुलाचंही मुख्तार, म्हणून नातूही मुख्तारचा मुलगा बशीर. या नातवाची स्वतःची जैतुनाची झाडं आहेत. सप्टेंबरात आजोबांची पावती नातवाच्या नावावर निघाली. एकदा शोधलेली माणसं प्रोग्राम हाताशी ठेवायचा, त्यातच गोंधळ असावा म्हणून बेयाने त्या चार ओळी बंद केल्या. पावत्या बरोबर निघू लागल्या आणि ओळी तशाच राहिल्या. तेव्हापासून प्रत्येक पावतीसाठी प्रोग्राम सगळी नोंदवही पहिल्यापासून वाचत होता, तीही एकेका पावतीला सात-आठदा. तिने तपासलं होतं नमुन्याच्या चाळीस नावांवर. तिथे काही जाणवलं नाही. हंगामात नावं नऊ हजारांवर गेली.

"ओळी उघडल्या की जुना घोळ परत येईल," सी नजीब म्हणाले.

"नाही येणार. आता माणूस नावाने नाही, ओळखपत्राच्या क्रमांकाने हाताशी ठेवते."

अर्ध्या तासात तिने बदल केला. मग आजोबा आणि नातू यांच्या पावत्या आलटून पालटून सहा वेळा काढल्या. सहाही बरोबर; दोघांच्या पहिल्या पावतीला अर्धं मिनिट, बाकीच्या दोन सेकंदांच्या आत. सी नजीबांनी इतका वेळ हातात धरलेला फोन खाली ठेवला.

काकांचा नंबर चारच्या सुमाराला लागला. बेयाने स्वतः प्रत्येक गोणीत कोपरापर्यंत हात घातला. पंचवीस थंड होत्या. तळच्या तीन कोमट.

"या तीन वेगळ्या काढा. काका, हे नुकसान माझ्यामुळे."

"तीन गोण्यांचा साबण करीन," काका म्हणाले. "वर्षभर अंघोळ करताना तुझ्या नावाने ओरडीन."

"ओरडा," ती म्हणाली आणि पुढच्या गाडीला हात केला.