तीन तिरक्या ठोक्यांची पट्टी

आमच्या ह्यांनी मिक्सर उघडला तर दोन स्क्रू उरतात, आणि मोरीच्या दाराची कडी गेली सहा वर्षं मी चमच्याने ढकलून लावते. पण बंदूक हातात आली की हा माणूस वेगळाच होतो. चाळीस वर्षं दुरुस्तीचा हा एकच धंदा. डावखुरे म्हणून गिऱ्हाइकं त्यांना डावरेकाका म्हणतात. खरं आडनाव आता फक्त परवान्यावर उरलंय. दुकानात बोलायचं काम माझ्याकडे, कारण ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला स्क्रू काढायचा.

नेमबाजी क्लबच्या सगळ्या हत्यारांची देखभाल आपल्याकडे यावी, ही ह्यांची जुनी इच्छा. ते काम एका मोठ्या शोरूमकडे होतं. एके सकाळी क्लबचे सेक्रेटरी स्वतः एक जुनं रिव्हॉल्वर घेऊन आले.

"गोळी सुटली की शिशाचे कण बाजूला उडतात, काका. शोरूमवाले म्हणतात, गोळ्यांचं अख्खं चक्र बदला. तुम्ही नेमका दोष काढून दिलात, तर समितीपुढे तुमचं नाव मी ठेवतो."

ह्यांनी आधी चक्रातली गोळ्यांची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली. हे रिव्हॉल्वर जुन्या पद्धतीचं. प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप. घोडा ओढताना आतली एक छोटी पोलादी पट्टी चक्राला एक घर पुढे ढकलते, आणि खालून एक खटका खाचेत बसून चक्राला जागेवर धरतो. सेक्रेटरींनी घोडा झपकन ओढून दाखवला. खट्! चक्र बसलं.

"बघा, बसतंय तर छान."

"सावकाश ओढा," म्हणत ह्यांनी रिव्हॉल्वर घेतलं आणि घोडा इतका हळू ओढला की मला जांभई आली. घोडा पुरता मागे गेला, पण खटक्याचा आवाज आलाच नाही. चक्र केसभर अलीकडे थांबलं होतं. झपकन ओढलं की चक्र स्वतःच्या झोकात तेवढं अंतर कापतं आणि झीज लपून राहते. पण नेम धरून उभा असलेला माणूस घोडा जपूनच ओढतो. मग घर नळीच्या नेमकं समोर येत नाही, आणि गोळीचं शिसं कडेला खरवडून बाहेर उडतं.

"चक्र ठीक आहे. पट्टी झिजलीय," हे म्हणाले. सेक्रेटरी खूश. मी तर मनातल्या मनात दुकानाची पाटी नव्याने रंगवायला घेतली.

मग ह्यांनी रिव्हॉल्वर उघडलं, पट्टी चिमट्यात धरून भिंगाखाली नेली आणि तसेच बसून राहिले. मी वाकून पाहिलं. पट्टीवर हातोडीचे तीन ठोके होते, तिन्ही एकाच बाजूला कललेले. डाव्या हाताचे ठोके. ते मी चाळीस वर्षं बघतेय.

बारा वर्षांपूर्वी, क्लबच्या एका स्पर्धेच्या घाईत नवी पट्टी घडवायला वेळ नव्हता, म्हणून ह्यांनी जुनीच ठोकून लांबवली होती. ठोकलेली जागा पातळ होते, लवकर झिजते. "स्पर्धा झाली की परत आणा," असं सांगितलं होतं. कोणी आणलं नाही, आणि ह्यांनीही पाठपुरावा केला नाही.

मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर टाच दिली. सेक्रेटरींना काय कळणार होतं? नवी पट्टी घालायची, शाबासकी घ्यायची, विषय संपला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी ते काम मला ह्यांच्यापेक्षा जास्त हवं होतं.

"ही चूक माझी आहे," हे म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. एरवी मीठ मागायलाही हात पुढे करणारा माणूस!

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "आता समितीला मी कोणत्या तोंडाने सांगू, काका? तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं."

"नसतंच कळलं. पण त्या हंगामात मी अशी तीन केली होती. बाकीची दोन कुठे आहेत?"

मी हळूच पाय मागे घेतला. माझ्या डोक्यात पाटी होती, ह्यांच्या डोक्यात ती दोन रिव्हॉल्वरं.

ह्यांच्या जुन्या वहीत त्यांचे नंबर सापडले, आणि दोन्ही क्लबच्याच कपाटात होती. सेक्रेटरी जाऊन तासाभरात घेऊन आले. एक अजून ठणठणीत होतं. दुसरं ह्यांनी तपासून, रिकामं असल्याची खात्री करून सेक्रेटरींच्याच हातात दिलं. "तुम्हीच ओढा. सावकाश."

त्यांनी ओढलं. चक्र इतकं अलीकडे थांबलं की भिंगाची गरजच पडली नाही. गोळी नळीच्या तोंडाच्या कडेवरच आपटली असती. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. मग रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं आणि हात मांडीवर पुसले.

"उद्या हे माझ्या मुलीला मिळणार होतं," ते म्हणाले. "तिची पहिलीच स्पर्धा आहे."

ह्यांनी पोलादाचा नवा तुकडा पकडीत आवळला. "तिन्हींच्या पट्ट्या नव्या करतो. संध्याकाळी या."

"मुलीला घेऊनच येतो. घोडा सावकाश ओढून कसं तपासायचं, ते तिला तुम्हीच शिकवा." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "समितीला सगळं सांगतो, तुमच्या चुकीसकट. आणि नाव तुमचंच ठेवतो."

ते गेल्यावर माझा ऊर भरून आला. हा माझा नवरा आहे, असं मोठ्याने म्हणावंसं वाटलं. मग म्हटलंच. ह्यांचे कान लाल झाले, आणि खाली मान घालून ते कानस चालवत राहिले.