टेकडीवरनं जाणारं टपाल

महिपती आबांना टपाल खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण खोड जाते होय? एकतीस वर्षं सांगोल्याच्या पलीकडच्या वाड्यांवर त्यांनी पत्रं वाटली. आताही सकाळी नऊला वाडीतले चार-पाच मोबाइल पिशवीत घालून गडी बिरोबाच्या टेकडीवर चढतो. वाडी बसलीय खोलगटात, तिथं रेंजचं नाव नाही. लोकांनी घरात बसून लिहिलेले ईमेल टेकडीवर गेले की आपोआप सुटतात, आलेले फोनमध्ये उतरतात, आणि आबा खाली येऊन ज्याचा फोन त्याला देतात. मग घरी बसून निवांत वाचा.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा आबांना लई नवल वाटलं होतं. वरच्या आळीतल्या दिपालीनं फोन उघडून दाखवलं होतं, "हे आउटबॉक्स, आबा. पाठीव म्हणून दाबलं तरी मेल हितंच बसून ऱ्हातंय. रेंज घावली की जातंय."

"म्हंजे टपालपेटीच की गं. पिशवी न्यायला माणूस आल्याबिगर पत्र कुटं जातंय?"

तेव्हापासून आबांना छंदच लागला. रेंज नेमकी असते कुठं? देवळापुढं एक काडी, मागच्या कट्ट्यावर तीन, लिंबाखाली शून्य. असं का, हे विचारायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी कट्ट्यावर चुन्याची खूण केली आणि रोज तिथंच बसायला लागले.

दिपाली बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ बावीस दिवसांचं. बी.एड. करून पोरगी तीन वर्षं घरात बसली होती, आणि सातव्या महिन्यात पोट सांभाळत सोलापूरला शुक्रवार पेठेतल्या एका शाळेत मुलाखत देऊन आली होती. त्या उत्तराकडं तिचे डोळे लागले होते. तिची आई अंबुबाई मात्र चाळीस दिवस लेकीला उंबरा ओलांडू देणार नव्हती. त्यामुळं सारी भिस्त आबांवर.

त्या मंगळवारी कट्ट्यावर दिपालीचा फोन थरथरला आणि वर एक ओळ उजळली. आबांनी फोन पालथा घातला. दुसऱ्याचं पत्र पोचवायचं, हुंगायचं नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. खाली आल्यावरही नेम सोडला नाही. वाटप खालच्या आळीपासून करायचं, म्हणजे दिपालीचं घर शेवटी. एका घरी चहा झाला, दुसऱ्या घरी पोहे. तिच्या हातात फोन पडला तेव्हा सव्वाअकरा होत आले होते.

तिनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कवा आलं हे, आबा?"

"साडेनवाला."

"आज बारापतुर कळवा म्हणत्यात. न्हायतर दुसऱ्या बाईला बोलवणार. आन् येत्या सोमवारी हजर व्हायचं."

"सोमवारी?" अंबुबाई चुलीपाशीच ताठ झाली. "ओली बाळंतीण सोलापूरला धाडू व्हय? काय लिवायचं न्हाय."

दिपालीनं आईकडं बघितलंसुद्धा नाही. मांडीवर बाळ, एका अंगठ्यानं ती लिहीत राहिली. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उजळलेली ओळ वाचली असती तर तडक हितंच आलो असतो, कसले पोहे गिळत बसलो! तिनं फोन पुढं केला आणि आबा काही न विचारता निघाले.

वीस मिनिटांची चढण त्यांनी पंधरात काढली, छातीचा भाता झाला. कट्ट्यावर बसून आउटबॉक्स उघडलं. एक मेल, जागचं हलेना. अकरा चाळीस. अकरा पंचेचाळीस. मग आउटबॉक्स रिकामं झालं. गेलं! आता खाली जायला हरकत नव्हती, पण उत्तर आलं तर? आबा बसून राहिले. साडेबाराला फोन थरथरला. फोन पालथाच धरून आबा तडक दिपालीच्या दारात.

ती पडद्याआड बाळाला पाजत होती.

"वाचा की तुमीच. माजं हात गुतल्यात."

आबांनी चष्मा पुसला आणि तार वाचावी तसं सावकाश वाचलं, "आपला ईमेल वेळेत मिळाला. सोमवारऐवजी पुढील महिन्याच्या एक तारखेस रुजू झालात तरी चालेल. शाळेत पाळणाघर आहे. बाळाला सोबत आणावे."

अंबुबाईनं विचारलं, "बाळ हाय हे त्यास्नी कुणी सांगितलं?"

"मीच लिवलं," आतून आवाज आला, रडका. "चाळीस दिवस झाल्याबिगर आई सोडणार न्हाय, आन् आईच्या मनाविरुद्ध मी येणार न्हाय, तवर जागा ठिवता का, आसं इचारलं."

अंबुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "मग लिव त्यास्नी. पाळणाघराची गरज न्हाय म्हणावं. आजी येतीय संगं."

आबांचे गुडघे ठणकत होते. तरी त्यांनी पायात वहाणा सरकवल्या आणि लिहून होईपर्यंत दारात उभे राहिले.