पुरुषाला बाहेर काढण्याचा विधी

मंगळवारी सकाळी बायको गेली. दुपारी तिला नेलं. संध्याकाळी मी नोएडातल्या घरी परत आलो आणि कुलूप उघडलं.

हे घर आमचं कसं झालं ते सांगायला हवं. आम्ही दोघं सांगलीची. मी कॉलेजात इतिहास शिकवला, तिनं शाळेत गणित. निवृत्त झाल्यावर मुलीजवळ राहावं म्हणून तिच्याच सोसायटीत फ्लॅट घेतला. पडदे लागले, गॅस आला आणि मुलीची कॅनडात बदली झाली. तिला विमानतळावर सोडून येताना टॅक्सीत बायको म्हणाली, "अहो, म्हणजे परदेशात नक्की कोण गेलं? ती, का आपण?"

तरी राहिलो. मे महिन्यात पडदे ओढून वाचत बसायचं आणि डिसेंबरात खुर्च्या घेऊन खाली, दोन टॉवरांमधून सरकणाऱ्या उन्हाच्या मागे मागे जायचं, हे आम्हाला जमू लागलं. सांगलीचा थोरला भाऊ फोनवर टोमणे मारायचा. "मराठी माणूस तिकडं गेला की परत येत नाही. हे तूच शिकवायचास ना रे?"

पहिल्या संक्रांतीनंतर बायकोनं टॉवरमधल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. कुंकू लावतात, तिळगूळ देतात, एखादी वस्तू वाण म्हणून देतात, एवढं तिनं दारोदार जाऊन हिंदीत समजावलं. धुक्यामुळे वेळ दुपारी तीनची ठेवली. बायका आल्या तेव्हा मी सोफ्यावर वाचत होतो. तिनं माझ्या गळ्यात मफलर घातला, हातात पुस्तक आणि चहाचा थर्मास दिला आणि मला लिफ्टपर्यंत नेऊन सोडलं. "पाचच्या आत वर यायचं नाही." शाली गुंडाळलेल्या बायका दारात उभ्या राहून गंभीरपणे बघत होत्या.

समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी बाईही त्यांत होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून काउंटरपलीकडे जाणारा. त्यांचे यजमान आधीच वारले होते. कुंकू पुढं आल्यावर त्यांनी तसं सांगितलं. "तो क्या हुआ?" बायको म्हणाली, "माथा तो है ना." आणि लावलं.

पुढच्या वर्षी मी शहाणपणानं अडीचलाच खाली जाऊन बसलो. थोड्या वेळानं बायकोचा फोन आला.

"वर या."

"का गं?"

"तुम्हाला बाहेर काढायचंय."

वर बायका ताटकळत उभ्या होत्या. कुणी बसायला तयार नव्हतं. समोरच्या बाई म्हणाल्या होत्या, "पहले भाईसाहब को तो निकालो." घरातल्या पुरुषाला मफलर घालून बाहेर काढणं हाच या सणाचा पहिला विधी, अशी सगळ्यांची समजूत झाली होती. मला रीतसर काढल्यावर सगळ्या बसल्या. बायकोनं आयुष्यभर लाल पेनानं चुका काढल्या, पण ही एक तशीच राहू दिली. त्यानंतर दरवर्षी मला बाहेर काढण्यात आलं.

ती गेल्यावर भावाचे रोज फोन येऊ लागले. "आता तिथं कोण आहे तुझं? वरची खोली रंगवून घेतलीय. ये." संक्रांत झाली की येतो, असं मी कबूल केलं. जावंसं वाटत नव्हतं आणि राहायला कारणही सापडत नव्हतं. मी पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली.

जानेवारीत एकदा समोरच्या बाई गाजर-गोभीचं लोणचं घेऊन आल्या. खोक्यांकडे बघितलं आणि विचारलं,

"इस बार कब है?"

मी म्हणालो, "हमारे यहाँ साल भर त्योहार नहीं करते."

"आप मत करो. हम करेंगे. बस घर यही लगेगा."

"आपका हॉल भी तो इतना ही है."

"इतना ही है. पर मेरे हॉल से निकालेंगे किसको?"

मी कॅलेंडर काढून तारीख सांगितली. रात्री भावाला सांगितलं, तर मागून वहिनींचा आवाज आला, "वर्षाच्या आत हळदीकुंकू? आणि ते बाप्यामाणसानं?" मी काहीच करणार नव्हतो, हे त्यांना पटवता आलं नाही.

वाण मात्र मीच आणलं, चहाच्या गाळण्या. समोरच्या बाईंनी एक उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "छेद बड़े हैं. चलो, पत्ती खा लेंगे."

त्या दिवशी सगळ्या आल्या आणि उभ्या राहिल्या. मी खोक्यांजवळ उभा होतो. आपलं आपणच निघावं म्हणून चपलांकडे वळलो.

"ऐसे नहीं," समोरच्या बाई म्हणाल्या.

त्यांनी खुंटीवरचा मफलर काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळला, लहान मुलाला गुंडाळतात तसा. उघड्या खोक्यातलं हाताला लागलं ते पुस्तक दिलं. तो शब्दकोश होता, दोन्ही हातांनी धरावा लागणारा. "चलो भाईसाहब, बाहर. पाँच से पहले शक्ल मत दिखाना."

कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या. लिफ्टचं दार लागलं आणि त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा मला रडू आलं. तळमजला फार लवकर आला.

खाली उन्हात मी शब्दकोश वाचत बसलो. वाईट पुस्तक नाही.

पाचनंतर वर गेलो. बशा धुतलेल्या होत्या. खोक्यांवर कपांची वर्तुळं उमटली होती. समोरच्या बाई शाल गुंडाळत निघाल्या होत्या.

"ये डिब्बे हटाओ," त्या म्हणाल्या. "कितनी औरतें खड़ी रहीं. अगली बार जगह चाहिए."

मी त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. "दादा, मी येत नाही." तो काही दिवस रागावला. मग त्यानं वरची खोली एका विद्यार्थ्याला दिली.

पुस्तकं पुन्हा कपाटात आहेत. मी नोएडात राहतो. बाहेर काढायला घरात एक माणूस आहे.