सुनीताचा सेंडऑफ

परवा मोशीला माझ्या धाकट्या जावेचा, सुनीताचा, सेंडऑफ झाला. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग जोडण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली... आता निवृत्त झाली.

सेंडऑफ या शब्दाचा अर्थ मी इंग्रजी घेऊन बी.ए. करताना शब्दकोशात पाहिला होता. एका ओळीचा अर्थ... निघालेल्या माणसाला निरोप देणे. पण आमच्या पिंपरी-चिंचवडला हा शब्द मी कॉलेजात जायच्या कितीतरी आधीपासून होता आणि तो एका ओळीत मावत नव्हता.

आम्ही चिंचवडला कंपनीच्या कॉलनीत राहायचो. कुणाच्या वडिलांचा सेंडऑफ असला की आम्ही मुलं दुपारपासून रस्त्यावर. पहिली शिफ्ट सुटायची आणि लांबून हलगी ऐकू यायची... मग उघडी जीप, झेंडूच्या माळा, गुलालात ओळखू न येणारा माणूस आणि मागे नाचणारं अख्खं डिपार्टमेंट.

गेटवरून हात हलवून कुणी परत फिरत नसे. माणूस घरापर्यंत आणायचा, घरच्यांच्या ताब्यात द्यायचा, बायकोनं दारात ओवाळायचं, मग सगळ्यांनी जिलबी खायची. तेव्हा कुठे सेंडऑफ पुरा व्हायचा.

माझ्या वडिलांचाही तसाच झाला. ओवाळण्याआधी आईनं पदरानं त्यांच्या चष्म्यावरचा गुलाल पुसला. चारचौघांत तिनं त्यांना हात लावलेला मी तेवढा एकदाच पाहिला...

आता बऱ्याच ठिकाणी कॉन्फरन्स रूममध्ये केक, बुके आणि ग्रुप फोटो असतो. त्याला फेअरवेल म्हणतात. त्यात वाईट काही नाही, पण माणूस पुढे घरी एकटाच जातो.

सुनीताला मी आधीच विचारलं होतं, "मिरवणूक कधी पोचेल?"

"कसली मिरवणूक, ताई. रिक्षानं येईन गुपचूप. लाइनवरच्या पोरी घरापर्यंत येतो म्हणत होत्या, मीच नको म्हटलं."

"का?"

"दारात ताट घेऊन कोण उभं राहणार? ते काम तर माझं होतं."

खरंच होतं. विलास भावजी, म्हणजे तिचे यजमान, रिटायर झाले तेव्हा ती हाफ डे टाकून धावत घरी आली होती आणि ताट घेऊन दारात उभी राहिली होती. आता सासूबाई नाहीत, लेक बंगळूरला, तिला रजा नाही.

मी सरळ भावजींना फोन लावला. ताट तुम्ही धरायचं, म्हणून सांगितलं.

"काहीतरीच काय वहिनी. पुरुषमाणूस कधी ओवाळतो का? लोक हसतील. तुम्हीच ओवाळा ना."

"मी येईन, पण जिलबी खायला. तिच्याबरोबर संसार तुम्ही केलात, मी नाही."

मग म्हणाले, "बघू."

आमच्या सासरी बघू म्हणजे नाही... तरीही मी सुनीताला सांगितलं की पोरींना येऊ दे, बाकीचं माझ्यावर सोड. ती हो म्हणाली, पण धास्तावलेलीच होती. पोरींसमोर बंद दार दिसलं तर काय, हे ती बोलली नाही. मला कळलं.

त्या दिवशी मी निगडीहून वेळेत पोचले. मागच्या गेटनं शिरून लिफ्टनं वर गेले तर फ्लॅटचं दार उघडं, भावजींचा पत्ता नाही आणि त्यांचा मोबाइल टीपॉयवर. मी मनातल्या मनात त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. चला, आपणच ओवाळू, म्हणून देवघरात गेले तर ताटही जागेवर नाही.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजायला लागले. गॅलरीतून पाहिलं... पुढे रिक्षात हार घातलेली सुनीता, मागे युनिफॉर्ममधल्या पोरी स्कूटरवर.

आणि सोसायटीच्या गेटमध्ये, वॉचमनच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून आमचे भावजी. एका हातात ताट, दुसऱ्या हाताचा आडोसा निरांजनाला. घराच्या दारात नाही... सगळ्यांच्या देखत, भर रस्त्यावर.

मी खाली पोचेपर्यंत ओवाळणं सुरू झालं होतं.

"अहो, उलटं फिरवताय. आणि आधी कुंकू लावायचं," सुनीता म्हणाली.

"मला कुठं सवय. तू हलू नकोस."

लोक हसतील म्हणत होते, लोक हसलेच. पोरी हसल्या, वॉचमन हसला, सुनीता तर डोळे पुसत हसत होती. ओवाळून झाल्यावर तिनं कंपनीनं दिलेलं पाकीट न उघडता ताटात ठेवलं.

"हे कशाला?"

"ओवाळणी. रीत असते. तुमच्या सेंडऑफला तुम्ही ताटात काहीच टाकलं नव्हतं."

"मग काय केलं होतं मी?"

"सरळ आत गेलात आणि पंखा लावून बसलात."

भावजींनी तिच्या हातातला बुके आणि डब्याची पिशवी घेतली आणि पुढे होऊन लिफ्टचं दार धरून उभे राहिले...

हे सगळं तिथेच उभं राहून पाहत होते मी. कुणाला तरी इतकी वर्षं थांबून हे मिळालं, याचं मला फार बरं वाटलं.

भावजी फेसबुकवर नाहीत, पण सुनीता त्यांना वाचून दाखवेलच. भावजी, मी तुम्हाला फार बोलले... पण गेटपर्यंत उतरायला मी सांगितलं नव्हतं. ते तुमचं तुम्ही केलंत.