मधलं पान

अबू हलीफाच्या किनाऱ्यावर संध्याकाळी एक वृद्ध नॉर्वेजियन गृहस्थ भेटायचे. कुवेतमध्ये मुलीकडे आले होते. जन्मभर मासिकाचे संपादक, स्वतःही निबंध लिहिणारे. दिवंगत पत्नीवरचा निबंध मात्र काही केल्या पुरा होत नव्हता.

परतण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तो मला त्यांच्या भाषेत वाचून दाखवला. मला एकही शब्द कळत नव्हता. त्यांचा आवाज आणि लाटा हळूहळू एकच झाल्या.

"तुमचं लक्ष कुठे उडालं? खरं सांगा."

"मधल्या पानावर. मी जहाज बघत होतो."

ते हसले. "तिथे मी माझ्याबद्दलच लिहिलंय."

कानामागची पेन्सिल काढून त्यांनी ते अख्खं पान खोडलं आणि पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी समोरून जहाजं गेली की नाही, मला सांगता येणार नाही.