कश्यपगोत्री डायनोसॉर

डायनोसॉरचं गोत्र कश्यप असतं. (पुस्तकात शोधू नका. पोटासाठी मी जीवाश्मच उकरायचो, तरी मलाही हे बाबूघाटावर कळलं!)

साल सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल. ऑफिस कलकत्त्यात, बिऱ्हाड बालीगंजला आणि खोदकाम पार गोदावरीकाठी. तिथून डायनोसॉरच्या एका पिल्लाची तीन हाडं घेऊन परतलो, तो नेमका रविवारी. ऑफिस बंद! सरकारी हाडं घरी न्यायची सक्त मनाई, तरी नेली. सोमवारी अकराला ती साहेबांच्या टेबलावर नसती, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा.

हाडं बघून आई किंचाळली, "देवाधर्माच्या घरात हाडं?"

"अगं, शाकाहारी होतं ते! झाडपाल्याखेरीज काही तोंडात घातलं नाही त्यानं."

एवढ्यावर थांबायचं ना मी! पण मला चेव चढला. पूर आला, त्याची आई पलीकडच्या काठावर राहिली, पिल्लू हंबरत हंबरत गाळात रुतलं... आईनं डोळ्यांना पदर लावला. मी स्वतःवर बेहद्द खूश!

सोमवारी आंघोळ करून येतो तर हाडांचा खोका रिकामा.

"आई ट्रामनं बाबूघाटाला गेल्यात," बायको म्हणाली. "गंगा इतकी जवळ असताना लेकराच्या अस्थी घरात ठेवायच्या नाहीत म्हणाल्या."

सदरा चढवतच रस्त्यावर आलो. टॅक्सी मिळेना, मिळाली ती एस्प्लनेडला बैलगाडीमागे अडकली. उतरून पळत सुटलो.

आई गुडघाभर पाण्यात! हातात पांढरं फडकं, त्यात माझी नोकरी, शेजारी पंडितजी.

"आई, थांब! सोडू नकोस! कामावरून काढतील मला!"

"आणि त्या पोराला गती नको?"

"गोत्र?" पंडितजींनी विचारलं.

"कश्यप," आई ठामपणे म्हणाली. "ज्याचं ठाऊक नाही त्याचं कश्यप."

"कब गुजरा?"

"करोड़ों साल हो गये!" मी ओरडलो.

पंडितजींनी कपाळाला हात लावला. "इतनी देर? तब तो प्रायश्चित्त लगेगा. मुंडन!"

सव्वादहा वाजले होते. रडकुंडीला येऊन मी हातापाया पडलो, तेव्हा कुठे तडजोड झाली. अस्थींवर नुसतं गंगाजल शिंपडायचं, पाण्यात दर्भाचा पुतळा सोडायचा आणि डोकं माझं भादरायचं. शेवटचा केस पडेपर्यंत आईनं फडकं छातीशी घट्ट धरलं होतं.

अकराला एक मिनिट असताना हाडं टेबलावर ठेवली. साहेब माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बघत उभेच राहिले.

"अरेरे! कोण गेलं?"

खरं सांगितलं असतं तर मीच गेलो असतो! "घरातलं लहान मूल, सर."

साहेबांनी लगेच कागद ओढला. तीन दिवसांची रजा तिथल्या तिथं मंजूर! विज्ञानाची अब्रू आणि नोकरी दोन्ही वाचवल्याच्या तोऱ्यात घरी येऊन रजेची बातमी दिली.

"तीनच दिवस ना? बरोब्बर!" आई दारातच म्हणाली. "लहान मुलाचं सुतक तेवढंच असतं. त्या कोपऱ्यात बस आणि कशाला शिवू नकोस."

आणि मी, भूगर्भशास्त्राचा एम.एस्सी., निमूटपणे जाऊन बसलो!